मेळांक एकोणीस

मैनावती कुशारेला चौथ्या ओळीवरून नवव्या ओळीवर का हलवलं, हे तिला कुणी सांगितलं नाही. सकाळी साडेआठला टोपी, मास्क आणि पांढरा कोट चढवून ती आपल्या टेबलाशी आली, तर तिथे दुसरीच बाई कात्री घेऊन उभी. भिंतीवरच्या पडद्यावर मैनाच्या नावापुढे नऊचा आकडा होता. महिन्यातली ही तिसरी बदली.

"माझं काय चुकलं का गं?" तिने चौथ्या ओळीच्या मुकादमबाईला विचारलं.

"चुकलं असतं तर घरी बसवलं असतं. तुला तर नव्या नवरीसारखं घरोघर फिरवतायत."

कादवा नदीच्या काठचं 'हरितमणी' कंपनीचं ते पॅकहाऊस जानेवारी ते एप्रिल दोन पाळ्यांत चालायचं. दिवसपाळीला बारा ओळी, प्रत्येक ओळीवर वीस बाया. बागेतून आलेले क्रेट सरकत्या पट्ट्यावरून येत, बाया घड उचलून त्यातले खराब मणी कापत, घड प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यांत, पनेटमध्ये, भरत, आणि भरलेला माल लगेच शेजारच्या गारठ्याच्या खोलीत जाई. दोन हजार एक्केचाळीस साल उजाडलं तरी हे काम माणसांच्याच हातात होतं. यंत्रमानव आणून पाहिले होते. पण त्यांच्या बोटांनी मण्यांवरची पांढरी झाक पुसली जायची, आणि झाक गेलेली द्राक्षं परदेशात कुणी घेत नसे.

नववी ओळ गारठ्याच्या खोलीच्या भिंतीला लागून होती. तिथे द्वारका गांगुर्डे होती, मैनाची चौदा हंगामांची जोडीदारीण. दोघींनी डबे वाटून खाल्ले होते, एकमेकींच्या घरचे बाळंतविडे केले होते. मैनाला पाहून द्वारकाचा चेहरा उजळला.

"बरं झालं आलीस. या ओळीला काय झालंय कळत नाय. रोज भांडणं. कालच सुगंधाने मुकादमबाईच्या अंगावर क्रेट आपटला."

"कशापायी?"

"वास येतो गं. मुतारीसारखा, नाकात चढणारा. डोळे चुरचुरतात. सांगून सांगून दमलो. कोण ऐकतंय?"

मैनाने श्वास ओढून पाहिला. होता थोडा वास. "सांगते मी साहेबांना," ती म्हणाली आणि कात्री हातात घेतली. दोन दिवसांत नववी ओळ शांत झाली. सुगंधा, जी या हंगामात नवीन लागलेली वीस वर्षांची तिरसट पोरगी होती, तीसुद्धा खाली मान घालून मणी कापू लागली. मैना जाईल तिथे असंच व्हायचं. तिला त्याचं नवल वाटायचं, आणि खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही.

अखेर न राहवून ती जेवणाच्या सुटीत अन्विता मॅडमच्या खोलीत गेली.

अन्विता सहस्रबुद्धे कंपनीची 'कार्यसंस्कृती प्रमुख' होती. तिशीतली, हुशार, आणि बायांशी खरोखर आपुलकीने वागणारी. पाणपोई, पाळणाघर, बसायला स्टुलं, हे सगळं तिने भांडून आणलं होतं.

"मैनाताई, मीच तुम्हाला बोलावणार होते," ती म्हणाली. "बसा. छताला ते पांढरे डबे लावलेत ना, ते काय आहेत माहितीय?"

"कॅमेरे."

"कॅमेरे नाहीत. रडार आहेत, अगदी हलकी. त्यांतून बारीक रेडिओलहरी निघतात आणि तुमच्या छातीवर आदळून परत येतात. श्वास घेतला की छाती काही मिलिमीटर पुढे येते. हृदयाच्या ठोक्यानेही हलते, पण ते हलणं अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. परतलेल्या लहरीत तेवढासा फरक पडतो आणि तो मोजता येतो. अंगाला काही बांधायला नको. दोनशे चाळीस बायांचे श्वास आणि ठोके आम्हाला इथे बसून दिसतात."

मैनाने नकळत पदर सावरला.

"घाबरू नका. एकेकीचं आम्ही पाहतच नाही. आम्ही पाहतो ते मेळ. एका फळीवर टांगलेली दोन लंबकांची घड्याळं काही वेळाने आपोआप एका तालात येतात, तसं माणसांचं होतं. जी माणसं मन लावून एकत्र काम करतात, त्यांचे श्वास एकमेकांकडे सरकतात, ठोक्यांचे चढउतार जुळतात. मनात राग असला, भीती असली की हा मेळ फुटतो. तो आम्ही शंभरात मोजतो. मेळांक." अन्विताने पडद्याकडे बोट दाखवलं. "आता तिकडच्या दुकानांना नुसती गोड द्राक्षं नको आहेत. ती भरणारी माणसं सुखात आहेत का, हे त्यांच्या गिऱ्हाइकांना हवंय. मेळांक साठच्या वर असेल तरच पनेटवर शिक्का बसतो: 'आनंदी हातांनी भरलेली'. कंपनीची सगळी धोरणं आता यावर उभी आहेत. कुठली बाजारपेठ धरायची, कुठे नवं पॅकहाऊस काढायचं, सगळं."

"मग मला का फिरवता?"

अन्विता हसली. "कारण प्रत्येक मेळात एखादं माणूस असं असतं की बाकीचे त्याच्याकडे सरकतात. आम्ही त्याला आधारश्वास म्हणतो. तुम्ही योगासनं वगैरे करता का?"

"योग कुठला मॅडम! लग्नाआधी कबड्डी खेळायचे. तालुक्याच्या संघात होते. चढाईला मीच."

"म्हणूनच!" अन्विताने टाळी वाजवली. "तुमचा श्वास एवढा लांब आणि संथ आहे की आसपासच्या वीस जणी तासाभरात तुमच्यासारख्या होतात. तुम्ही जाल तिथे मेळांक निदान वीसने चढतो. आम्हाला असं माणूस कुठल्याच पॅकहाऊसमध्ये सापडलेलं नाही."

मैना खोलीतून बाहेर आली ती जमिनीच्या दोन बोटं वरून चालत. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला सांगितलं होतं की तिच्यासारखं दुसरं माणूस नाही.

वासाचं मात्र ती विसरली नाही. दुसऱ्या दिवशी तिने व्यवस्थापक बोरस्ते साहेबांना गाठलं. बोरस्ते तिला यंत्रघरात घेऊन गेले. गारठ्याच्या खोलीत थंडी आणणारा अमोनिया तिथल्या यंत्रांतून नळांनी फिरायचा. भिंतीवर त्याचा मापक होता.

"बघा. आकडा दोन. पस्तीसला गेला की घंटा वाजते. दोन म्हणजे काहीच नाही."

"पण साहेब, वास तर नवव्या ओळीवर येतो. हे यंत्र इथे आहे."

"नळ सगळे एकच आहेत, मैनाबाई. सगळीकडे यंत्रं लावत बसलो तर द्राक्षं कधी भरायची? तुम्ही बायांना समजावा. तुमचं ऐकतात."

मैनाने समजावलं. "साहेब बघतो म्हणालेत," ती म्हणाली. एवढंच. बाया गप्प झाल्या. त्यांचे डोळे चुरचुरायचे, द्वारका मधेच खोकायची, पण पडद्यावर नवव्या ओळीचा मेळांक एक्क्याऐंशी होता आणि तक्रार घेऊन पुन्हा कुणी ऑफिसात गेलं नाही.

त्याच आठवड्यात घरी एक गोष्ट घडली. मैनाची सतरा वर्षांची मुलगी तेजल नाशिकच्या कॉलेजात जाण्यावरून वडिलांशी वाद घालत होती. मैना भाकरी टाकून तिच्याजवळ येऊन बसली. तेजल बोलता बोलता थांबली, आणि मग हताशपणे म्हणाली, "आई, तू उठ ना इथून. तू जवळ बसलीस की मला काय म्हणायचं होतं तेच विसरायला होतं."

मैना हसली. पण हसू पुरतं ओठांवर आलं नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेअकराला, द्वारका भरलेल्या पनेटची हातगाडी ढकलत गारठ्याच्या खोलीत गेली. मैना ओळीवरच होती. आतून आधी फट्‌कन आवाज आला, मग कुकरची शिट्टी अडकल्यासारखा लांब फुस्स, आणि दाराच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांखालून पांढरं धुकं जमिनीला चिकटून सरपटत बाहेर आलं. त्याच्या मागून द्वारकाची किंकाळी.

बाया दाराकडे पळाल्या. मैना उलटी पळाली. डोक्यावरची टोपी पाण्याच्या बादलीत बुडवून तिने तोंडावर दाबली, छाती भरून श्वास घेतला आणि कोंडून धरला. आत काही दिसत नव्हतं. तिचा पाय द्वारकाला लागला. तिने तिला काखेतून धरलं आणि फरफटत बाहेर ओढलं. अंगणातल्या नळाखाली तिचं तोंड धरून ती ओरडत राहिली, "डोळे उघड द्वारके, उघड डोळे!"

यंत्रघरातली घंटा त्यानंतर चार मिनिटांनी वाजली.

द्वारका वाचली. पण तिचा डावा डोळा गेला आणि छातीत जखम राहिली. सहाव्या दिवशी दवाखान्यात तिला बोलता येऊ लागलं, तेव्हा मैना तिच्या खाटेशी बसली होती.

"जरा तिकडे सरकून बस," द्वारका म्हणाली.

"का गं?"

"मला रडायचंय. तू जवळ असलीस की रडू येत नाय." ती थांबत थांबत बोलत होती. "तू यायच्या आदल्या दिवशी आम्ही ठरवलं होतं, मैना. सगळ्या ओळीने काम टाकून बाहेर बसायचं. सुगंधाच म्हणाली होती. आणि तू आलीस. मला वाटलं, मैना आहे ना इथे, तिला काही होत नाय, म्हणजे माझ्याच नाकाचं काहीतरी असेल."

तिने आरोप केला नव्हता. झालं ते सांगितलं होतं. मैनाला त्यापेक्षा शिवी परवडली असती. ती उठली आणि पलीकडच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली, तेव्हा द्वारका रडली.

दवाखान्यातून मैना थेट पॅकहाऊसवर गेली. अन्विता खोलीत एकटी होती. तिचेही डोळे सुजलेले होते.

"मॅडम, मला नवव्या ओळीचा आलेख दाखवा. वास यायला लागला तेव्हापासूनचा."

अन्विताने पडद्यावर आलेख लावला. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात रेघ दिवसागणिक खाली येत होती. सत्तर, अठ्ठावन्न, सेहेचाळीस, छत्तीस. मग एका सकाळी ती सरळ वर चढली आणि फेब्रुवारीच्या त्या मंगळवारपर्यंत ऐंशीच्या आसपास सपाट राहिली.

"ही सकाळ कुठली?"

"तुम्ही आलात ती."

"आणि त्या आधी रेघ खाली येत होती, तेव्हा तुमच्या यंत्राने काय सांगितलं?"

"ओळीत बेबनाव आहे. उपाय करा." अन्विता म्हणाली. "आणि उपाय म्हणून तुमचं नाव सुचवलं."

मैनाने त्या रेघेवर बोट ठेवलं. "हा बेबनाव नव्हता मॅडम. आमच्या वीस जणींची नाकं बरोबर होती. तुमचा मापक सांगत नव्हता ते आमचं अंग सांगत होतं, आणि ते तुमच्या यंत्राला दिसतही होतं. तुम्हाला धूर दिसला, आणि आग शोधायची सोडून तुम्ही धूर पुसला. माझ्या श्वासाने पुसला."

"मला वाटत होतं, मी तुमच्यासाठी करतेय."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर तुमच्याकडे आले."

दहा दिवसांनी शिक्क्याची वार्षिक तपासणी होती. अमोनियाच्या नळाचा गळका व्हॉल्व बदलला होता, फरशी धुतली होती, आणि बाया कामावर आल्या होत्या, पण मेळांक पंचेचाळीसच्या वर सरकेना. बोरस्ते साहेबांनी मैनाला बोलावलं. टेबलावर निळ्या कोटाची घडी आणि एक बिल्ला होता.

"संस्कृती अधिकारी. कायमची नोकरी, बारा महिने. तपासणीच्या दिवशी कामाच्या दालनाच्या मधोमध तुमचं टेबल. बाकी काही करायचं नाही, नेहमीसारखं शांत काम करायचं."

"आणि ओळींवर अमोनियाचे मापक?"

"पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बघू."

"मग प्रत्येक ओळीवर एक दोर लावा. जिला वास येईल तिने ओढायचा, ओळ तिथल्या तिथे थांबली पाहिजे. का ओढला म्हणून कुणी रागवायचं नाही. दोराला तर अंदाजपत्रक लागत नाही."

बोरस्ते हसले. "कुणा एका बाईच्या नाकावर मी जहाजाचा माल थांबवू? उद्या प्रत्येकीला वास येईल. मैनाबाई, शिक्का गेला तर अर्धा हंगाम बसेल. या बायांच्या चुली तुमच्या हातात आहेत, एवढं लक्षात ठेवा."

"कोट राहू द्या साहेब," मैना म्हणाली. "टेबलाशी मात्र बसेन मी. मधोमध."

तपासणीच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुटीत तिने शेडखाली बायांना गोळा केलं. रडार काय करतं, मेळांक म्हणजे काय आणि तिला का फिरवत होते, ते तिने लपवाछपवी न करता सांगितलं. नवव्या ओळीचा आलेख तिने खडूने फरशीवर काढला. बाया स्तब्ध झाल्या. आणि नेमकं तेच मैनाला नको होतं.

"बघा, आत्तासुद्धा गप्प बसलात," ती जवळजवळ ओरडली. "मी बोलतेय म्हणून! मी तुमची वैरीण आहे असं समजा, पण माझ्यासारखा श्वास घेऊ नका. उद्या मी उभी राहीन. तुम्हाला शांत वाटेल. त्या शांतपणावर विश्वास ठेवू नका. आपल्याला काय खुपतंय ते प्रत्येकीने आठवायचं आणि मोठ्याने बोलायचं."

"शिक्का गेला तर?" तिसऱ्या ओळीवरची एक प्रौढ बाई उठली. "माझा नवरा अंथरुणाला खिळलाय. मला तुमची लढाई परवडत नाय." ती ताट उचलून निघून गेली. तिच्या मागे आणखी दहा-बारा जणी गेल्या. मैनाने त्यांना अडवलं नाही.

तपासनीस कुरियन कोचीहून आले होते. शांत, काटेकोर माणूस. त्यांच्या कॉलरला दुभाषी यंत्राची टिकली होती. ते बोलले की टिकलीतून सपाट मराठी येई. सकाळी दहाला ते पडद्याखालच्या खुर्चीवर बसले. मैना मधल्या टेबलाशी होती. अर्ध्या तासात मेळांक पंचेचाळीसवरून एकोणऐंशीवर चढला. बोरस्तेंनी घामेजलेला रुमाल खिशात ठेवला.

साडेदहाला मैनाने कात्री खाली ठेवली आणि उभी राहिली. दोनशे चाळीस जणींनी मान वर केली. पडद्यावर आकडा सरकला. चौऱ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. ब्याण्णव.

कुरियन पुढे झुकले. "एवढा आकडा मी कुठेच पाहिलेला नाही," टिकली म्हणाली.

"साहेब, हा आकडा माझा आहे," मैना म्हणाली. "यांचा नाही. आता यांचा ऐका. बोला गं."

कुणी बोललं नाही. ब्याण्णवाचा आकडा भिंतीवर ठाम उभा होता. मग नवव्या ओळीवरून सुगंधाचा चिरका आवाज आला.

"बायांच्या संडासाची कडी तुटलीय. दिवाळीपास्नं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि त्या हसण्याने काहीतरी सुटलं.

"माझी पाठ मोडते आणि स्टूल तीन जणींत एक आहे!"

"नव्या बायांना ताप आला तरी येताय का म्हणून फोन करतात!"

"आम्हाला अजून वास येतो! व्हॉल्व बदलला म्हणतात, कुणी दाखवला का आम्हाला?"

"द्वारकाचा डोळा गेला आणि तुम्ही इथे आनंदी म्हणून शिक्का मारताय!"

आता एक बोलून संपायच्या आत दुसरी उठत होती. कुणी रडत होती, कुणी टेबलावर कात्री आपटत होती, आणि तिसऱ्या ओळीवरची ती प्रौढ बाई मैनाकडे बोट करून ओरडत होती, "आणि मला हिचा राग येतो! कुणी विचारलं होतं हिला?" पडद्यावर आकडा कोसळत होता. सत्तर, पन्नास, चौतीस. मैना मधोमध उभी होती. तिला त्या बाईला धरून शांत करावंसं वाटत होतं, सगळ्यांना शांत करावंसं वाटत होतं, जन्मभर तिने तेच केलं होतं. तिने टेबलाची कड घट्ट धरली आणि जागची हलली नाही.

"पडदा बंद करा!" बोरस्ते अन्विताला म्हणाले.

अन्विता कळफलकापाशी होती. "नाही साहेब."

"मी सांगतोय!"

"मी बांधलाय तो. आज पहिल्यांदा खरं दाखवतोय. राहू द्या चालू."

आकडा एकोणीसवर थांबला.

"हा आमचा," मैना कुरियनना म्हणाली. "लिहून घ्या."

कुरियननी लिहून घेतला. "माझ्या हातात फक्त आकडा आहे," टिकलीतून सपाट आवाज आला. "साठच्या खाली शिक्का देता येत नाही. तुमचं म्हणणं मी शेरा म्हणून जोडीन. त्याचं पुढे काय होईल, सांगू शकत नाही."

शिक्का गेला. दोन जहाजांचा माल देशातल्या बाजारात विकावा लागला, शेवटच्या तीन ओळी तीन आठवडे आधी बंद झाल्या. साठ बाया घरी बसल्या आणि त्यांतल्या कित्येक रस्त्यात मैना दिसली की तोंड फिरवू लागल्या. तिसऱ्या ओळीवरची बाई तिच्या दारात येऊन वाट्टेल ते बोलून गेली. मैनाने उंबऱ्यात उभं राहून सगळं ऐकलं, तिला आत बोलावलं नाही, समजूतही घातली नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

अन्विताने तो तीन आठवड्यांचा आलेख स्वतःच्या सहीने सरकारी कारखाना निरीक्षकाकडे पाठवला आणि त्याच दिवशी राजीनामा दिला. निरीक्षक मार्चमध्ये आला. त्याच्या हुकमाने प्रत्येक ओळीवर मापक बसला, द्वारकाची भरपाई कंपनीवर बसली, आणि प्रत्येक टेबलाच्या वर लाल दोर टांगला गेला. द्वारका मैनाशी बोलायची, पण पूर्वीसारखा डबा वाटून खायचे दिवस आले नाहीत. मैना दर रविवारी तिच्याकडे जायची आणि खाटेपासून लांब बसायची.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुगंधाने दोर ओढला. नवव्या ओळीचा पट्टा करकचून थांबला. मापकाचा आकडा शून्य होता. खोली तपासली, नळ तपासले, चाळीस मिनिटं गेली. अखेर कळलं, मागच्या मोरीत फरशी धुवायच्या औषधाची कॅन फुटली होती.

बोरस्ते तणतणत आले. क्रेटमध्ये घड उकाड्याने मऊ पडत होते. सुगंधा पांढरीफटक होऊन उभी होती. ओळीवरच्या बायाही आता तिच्यावर कुरकुरत होत्या.

"मैनाबाई, जरा सांगा हिला," बोरस्ते म्हणाले. "तुमचंच ऐकेल. असं उगाच ओढत नाहीत म्हणावं."

सगळ्यांनी मैनाकडे पाहिलं. ती टेबलाला वळसा घालून बोरस्ते आणि सुगंधा यांच्या मधे येऊन उभी राहिली. छातीत धडधडत होतं, आणि तिने ते लपवलं नाही.

"सुगंधे," ती म्हणाली, "तुला वास आला होता ना?"

"आला होता."

"मग परत आला की परत ओढ."